बाबांचं बोट आणि कंपनी फिटिंगचा स्टिरिओ

तीर्थस्वरूप भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. (माझ्या कमरेची हल्लीची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकतील तेवढीच खरी धरावीत, बाकीची पत्रापुरती.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची साखर काय म्हणते? ताईच्या खांद्याचं दुखणं थांबलं का, की अजूनही ती दुखऱ्या हाताने पडदे धुते आणि बऱ्या हाताने तो दुखरा हात तुम्हाला दाखवत बसते? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, आणि गेल्या आठवड्यात आपलं फोनवर बोलणं झालंही. पण फोन या वस्तूवर माझा सध्या विश्वास उरलेला नाही. कारण पुढे येईल. कागदावर मुद्दाम लिहितोय, कारण कागद पुटपुटत नाही.

तर हकिकत आमच्या गाडीच्या स्टिरिओची. गाडी तीच, तुम्ही मागे बसून जिला बिस्किटाचा डबा म्हणाला होतात ती. स्टिरिओही तोच, कंपनी फिटिंगचा, म्हणजे गाडीबरोबर आलेला आणि गाडीबरोबरच जाणारा. चार दारांत चार स्पीकर, मध्ये एक गोल बटण, आणि बेस-ट्रेबल कमीजास्त करायची सोय. एवढ्यावर आमचं कित्येक वर्षं उत्तम चाललं होतं. दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं तळ्याच्या रस्त्याने एक चक्कर मारून येतो. मी चालवतो, शेजारी ही, हिच्या मागे बाबा, माझ्या मागे आमची लेक. जागा ठरलेल्या. एकदा लेक चुकून बाबांच्या जागी बसली तर बाबा दार उघडून तसेच उभे राहिले. असे उभे राहिले की ती आपण होऊन सरकली.

बाबा आणि मी फारसं बोलत नाही हे तुम्ही पाहिलंच आहे. भांडण वगैरे काही नाही, विषयच नसतात. मी कवळ्या बनवणारा माणूस (लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा ताटाशेजारी कुणाचे तरी सबंध दात पाहून तुम्ही जेवण अर्धवट सोडलं होतंत, आठवतंय ना) आणि बाबा उभी हयात कोर्टात लघुलेखक. त्यांच्या कानात शब्द पडला की तो बोटातून कागदावर उतरायचा, मध्ये डोक्याला तसदी नाही. निवृत्त झाले, वही-पेन्सिल गेली, पण बोट थांबलं नाही. गाडीत गाणं लागलं की त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चालू. कडवं, धृपद, पुन्हा कडवं, सगळं लघुलिपीत. आरशातून ते बोट दिसलं की मला समजायचं, बाबा मजेत आहेत. आमच्या दोघांतलं जवळजवळ सगळं बोलणं त्या बोटावर चालतं म्हणालात तरी चालेल. म्हणून एका रविवारी तळ्याच्या वळणावर ते बोट मांडीवर निपचित पडलेलं दिसलं तेव्हा मी गाडी हळू करून आरसा पुन्हा नीट लावून पाहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या सुमाराला जगाचा आवाज एकंदरीतच उतरला होता. दारावरची घंटा अशक्त झाली म्हणून मी बदलली, तर नवी त्याहून अशक्त निघाली. बातम्या देणारे लोक तोंड उघडेनासे झाले. (हे मी धंद्यातल्या अनुभवावरून यांच्या कवळ्या सैल असणार म्हणून सोडून दिलं.) ही तर सरळ पुटपुटायलाच लागली होती. मी काय म्हणालीस विचारलं की तीच गोष्ट एकदम ओरडून सांगायची, मधला आवाज तिच्याकडे शिल्लकच नाही. स्टिरिओही असाच मंदावला होता, पाणी शिरल्यासारखा, म्हणून दर रविवारी मी बटण थोडं पुढे सरकवायचोच. तेव्हा मला जिथे पुढे बसून नीट लागत नाही, तिथे मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय लागणार, असा सरळ हिशेब मी केला आणि आवाज अजून वाढवला. बोट हललं नाही. ट्रेबल वाढवला. बोट तसंच. आणखी वाढवला तेव्हा बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढच्या रविवारी ते म्हणाले, गुडघा दुखतोय, तुम्ही जाऊन या. त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघाच. तिसऱ्यांदा तर मी विचारायच्या आधीच त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

मी समजायचं ते समजलो. बाबांचे कान गेले. आता हे त्यांना सांगायचं कुणी? ज्या माणसाच्या कानांच्या भरवशावर सगळं कोर्ट बोलायचं, त्याला जाऊन म्हणायचं की तुम्हाला ऐकू येत नाही? माझी जीभ रेटेना. ही मला काहीतरी सांगू पाहत होती, पण ती नेहमीप्रमाणे पुटपुटली. शेवटी मी ठरवलं, बाबांच्या कानाला बोट लावायचं नाही, दोष स्टिरिओवर ढकलायचा. तो कंपनी फिटिंगचा, त्याला बोललेलं लागत नाही. आवाज इतका सुधारायचा की बाबांना कळूही नये आपल्याला कमी ऐकू येतं, आणि बोट पुन्हा चालू व्हावं. तुम्ही हसाल, पण मला रविवारची ती रिकामी मागची सीट खरोखर बघवत नव्हती.

पण सुधारायच्या आधी मोजलं पाहिजे. दिवसभर परक्या माणसांच्या हिरड्यांच्या साच्यांवर कागदाच्या जाडीचा उंचसखलपणा घासून काढणारा मी माणूस. जे मोजता येतं ते बसवता येतं ही माझी श्रद्धा. लेकीने माझ्या फोनवर आवाज मोजायचं एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात काटा हलतो आणि डेसिबल दिसतात. त्याच्यासोबत स्टिरिओवर वाजवायला तपासणीचे आवाजही मिळाले: एक नुसता सरसर करणारा, नळ अर्धा उघडा राहिल्यासारखा, आणि एक शिट्टी, जी अगदी खर्जातून निघून चढत चढत आकाशाला भिडते. आता फोन धरायचा कुठे? तर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, हलता कामा नये, आणि माझा हात मध्ये येता कामा नये. मी कारखान्यातून प्लास्टरचा एक भक्कम जबडा आणला, वरचा-खालचा, बिजागरीसह. तो सीटच्या डोकं टेकायच्या उशीला बांधला आणि त्याच्या दातांत फोन दिला. काय चपखल धरला! पण बंद काचांच्या गाडीत मागच्या सीटवर एकटेच दात फोन चावत बसलेत आणि आतून सरसर आवाज येतोय, हे पाहून समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंनी आपल्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. त्या अजून मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.

मोजमापातून मात्र खरंच काहीतरी निघालं, हे हिनेही कबूल केलं आहे. बाबांच्या जागेवर खर्ज जवळजवळ गायब होता. मी दाराचं पॅनेल काढलं (क्लिपा तुटल्या, त्या पुन्हा मिळतात) आणि पाहतो तर त्या दारातल्या स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडलेल्या. मागे कधीतरी काच दुरुस्त करणाऱ्याने हा उद्योग केला असणार. त्याने होतं असं की बाकीचे स्पीकर हवा पुढे ढकलतात तेव्हा हा मागे ओढतो, आणि खर्ज जागच्या जागी मरतो. एकत्र कुटुंबात असा एखादा काका असतोच. वायरी सुलट केल्या आणि काय सांगू भाऊजी, खालचा आवाज असा गोल, भरीव आला की मी गाडीतल्या गाडीत स्वतःशीच टाळ्या वाजवल्या.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण स्पीकरच्या कडेने पॅनेलला फट होती आणि तिथून आवाज गळत होता. फट दिसली की ती भरायला धावणारा माझा हात आता माझं ऐकत नाही. मी कवळीचं गुलाबी मेण आणलं, दिव्यावर मऊ केलं आणि चारही दारांत स्पीकरभोवती असं सुबक लिंपलं की दंतवैद्याने शाबासकी द्यावी. काटा थोडा चढला. मी खूश. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी होती. संध्याकाळी हिने दार उघडलं, आत बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "गाडीला हिरड्या फुटल्यात." (हे वाक्य मला पहिल्या झटक्यात ऐकू आलं. टोमणे येतात.) जाळीच्या भोकाभोकांतून गुलाबी मेण ओघळून थिजलं होतं. ते मी कोरणीने काढत बसलो ते आठवडाभर.

मग अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे गेलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला एका गाडीत बसवलं, जिच्या डिकीत कपाटाएवढं खोकं होतं. त्याने बटण फिरवलं तशी माझी स्वतःची दाढ हलली. तो बाहेरून काहीतरी विचारत होता, मी मान हलवत होतो. त्याचे ओठ हलताना पाहून मला वाटलं, हाही पुटपुटणाऱ्यांपैकीच. त्याने खोकं बसवायला घेतलं तेव्हा उमगलं की माझ्या मान हलवण्याचा अर्थ काय झाला होता. मी गाडी घेऊन अक्षरशः पळालो. निघताना त्याच्याकडून दारात लावायचा स्पंज तेवढा घेतला. तो चांगला आहे, दारं आता खडखडत नाहीत.

एवढं झाल्यावर शेवटची तपासणी. लेकीचं म्हणणं पडलं की रिकाम्या गाडीतलं मोजमाप खरं नाही, माणसांची अंगं आवाज पितात, तेव्हा चौघंही आपापल्या जागी बसली पाहिजेत. मला हे आयतंच मिळालं. मी बाबांना म्हटलं, गाडी फाटकाच्या बाहेरही जाणार नाही, नुसतं बसायचं आहे. गुडघ्याला आक्षेप घ्यायला जागा उरली नाही. बाबा येऊन बसले. काचा वर केल्या, मधोमध जबडा बांधला, त्याच्या तोंडात फोन. नियम मी समजावून सांगितला: शिट्टी चढत जाईल, ऐकू येतेय तोवर हात वर ठेवायचा, थांबली की खाली घ्यायचा. बोलायचं नाही.

शिट्टी सुरू झाली. खर्जात स्पीकर असा छान घुमला की मी अभिमानाने आरशात पाहिलं. चौघांचेही हात वर. शिट्टी चढली, आणखी चढली, बारीक झाली आणि संपली. मी हात खाली घेतला आणि जाहीर केलं, "बघा, इथे संपला आपला स्टिरिओ. याच्या वर तो जातच नाही. कंपनीचा दोष." मी मागे वळून पाहतो तर तीन हात वरच. हिने दुसऱ्या हाताने एक कान दाबून धरलेला. लेक डोळे मिटून दात आवळून बसलेली. आणि जबड्याच्या तोंडातल्या फोनवर काटा डौलात नाचतोय. मला आधी वाटलं, तिघांनी मिळून माझी फिरकी घेतलीय. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी डोळे मिटले, कानांवर हातांचे द्रोण धरले, श्वाससुद्धा रोखला. शिट्टी त्याच जागी संपली. डोळे उघडले तर तीन हात वर, आणि तिघंही माझ्याकडे बघत होती, फार मायेने.

मग बाबा बोलले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, तो स्वतः फार मोजकं बोलतो. म्हणाले, "बाळ, तुझे कान गेलेत. तुला सांगवेना, म्हणून मी गाडीत यायचं सोडलं. तू आवाज इतका मोठा लावतोस की माझं बोट चालत नाही."

भाऊजी, मी त्यांचे कान गेले हे त्यांना सांगवेना म्हणून दारं उसकटली, मेण लिंपलं, समोरच्या बाईंना भेडसावलं. आणि तिकडे ते माझे कान गेले हे मला सांगवेना म्हणून धडधाकट गुडघा धरून घरी बसले. मी हे त्यांना सांगितलं. (मोठ्याने सांगितलं असणार, कारण शिक्षिकाबाईंची खिडकी उघडली.) बाबा हसायला लागले. त्यांना असं खांदे हलेपर्यंत हसताना मी कधी पाहिलं होतं आठवत नाही. मीही हसलो, आणि खरं सांगतो, डोळे पुसले. त्यांना माझी एवढी काळजी असेल हे मला माहीतच नव्हतं. ही म्हणाली की गेलं वर्षभर ती मला हेच सांगत होती. असेल. मला ऐकू आलं नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी एका छोट्या खोलीत बसवून कानांना यंत्र लावलं, शिट्ट्या ऐकवल्या आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. थोडक्यात आमचीच तपासणी, फक्त जबडा नव्हता. निकालही तोच. दोन्ही कानांना मशीन लावा म्हणाले.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा तळ्यावर जाऊन आलो. बाबांना पुढे बसवलं, आवाजाचं बटण त्यांच्या हाती. त्यांनी ते फिरवून एका जागी आणलं आणि मी तिथे गुलाबी मेणाचा एक ठिपका लावला. त्याच्या पलीकडे मला जायची बंदी. गाण्यातले शब्द मला अर्धेमुर्धेच लागले. पण वायरी सुलट केलेला तो खर्ज पायांना जाणवत होता, मागे त्या दोघी कशावर तरी हसत होत्या, आणि शेजारी, आता आरशात बघायचीही गरज नव्हती, बाबांचं बोट मांडीवर सरसर चालत होतं. मला त्याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं. फार बरं वाटलं, भाऊजी.

कळावे. लोभ असावा, आणि तो जरा मोठ्या आवाजात असावा.

आपला मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण असं की तुम्ही गेल्या वर्षी कानात मशीन बसवलंत. ते कुठलं, दिसतं का, आणि घास चावताना आत कुरकुर करतं का? चावण्याशी माझा धंद्याचा संबंध असल्याने हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. त्या वेळी मी तुम्हाला आकाशवाणी केंद्र म्हणालो होतो ते कृपया विसरावं. जमल्यास तिथूनच एक जोडी बघून ठेवा.

ता. क. २. फोनवर मी तुम्हाला बराच वेळ हो हो म्हणत होतो. कशाला म्हणत होतो? त्यातलं मला काहीही लागलं नव्हतं. सुदैवाने बाबा शेजारीच बसले होते आणि तुमचा आवाज फोनबाहेरही येत होता. त्यांनी ऐकलं, तुम्ही आणि ताई पंधरा दिवस राहायला येताय आणि मी आनंदाने रुकार दिला. त्याप्रमाणे हिने मागची खोली रिकामी केली आहे, माझे जबडे जिन्याखाली गेले आहेत. कधी निघताय तेवढं लिहून कळवा. फोन करू नका.

ता. क. ३. जावईबापूंस अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बरं म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं. वाचलं. दोन दुरुस्त्या आहेत. शिट्टी चढली तेव्हा सूनबाईंचा हात अगदी माझ्या समोर होता. तो वर होता म्हणून मी माझा वर ठेवला. चिरंजीवांपेक्षा मला बरं ऐकू येतं हे खरं, पण शेवटचा भाग मलाही ऐकू आला नाही. गाण्यांचं म्हणाल तर ती पाठ आहेत, तीच बोटाने लिहितो. तेव्हा मशीनच्या जोड्या दोन बघा. हे त्याला एवढ्यात सांगू नका, तो सध्या माझ्या कानांवर फार खूश आहे. दुसरं, फोनवर तुम्ही काय म्हणालात ते मलाही कळलं नाही. त्याने विचारलं तेव्हा मनात होतं ते तोंडातून निघून गेलं. लेकीला बघून फार दिवस झाले. खोली आता आवरून झाली आहे. तेव्हा फोनवर काहीही म्हणाला असलात, तरी या.